नदीकाठची गाडी

त्या दुपारी जेवताना बायकोने, मीठ कमी पडलंय असं सांगावं इतक्या साध्या आवाजात, सांगून टाकलं की त्या ट्राममध्ये ती नव्हती. लेक आली होती. आल्या आल्या तिने टेबलावर दोन तिकिटं ठेवली होती आणि ‘आता नाही म्हणायचं नाही’ असा दोघांनाही दम भरला होता. आगारात कित्येक वर्षं गंजत पडलेली एक जुनी ट्राम रंगरंगोटी करून पुन्हा रुळांवर आणली होती. नदीकाठच्या रस्त्यावरचे रूळ डांबराखाली शाबूत निघाले होते, आणि येत्या रविवारपासून हौशी लोकांना त्यांच्यावरून एक फेरी मारता येणार होती. तिकिटं बघून त्याचा घास हातातच राहिला. मग जे व्हायचं तेच झालं, त्याने गोष्ट सुरू केली. तो तेव्हा कवळ्या बनवायला नुकताच शिकत होता, खिशात रुमालात गुंडाळलेली कुणाची तरी कवळी होती, ती पोचवायला तो चालला होता. दुपारची वेळ, ट्राम जवळजवळ रिकामी. समोरच्या बाकावर एक मुलगी. तिच्या कोटाचं एक बटण दोऱ्याला लोंबत होतं. तिने ते ओढून तोंडाशी नेलं, दाताने दोरा तोडला, बटण खिशात टाकलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. “एवढंच,” तो म्हणाला, “पण काय तोडला दोरा! एका झटक्यात. ज्याचे वरचे-खालचे दात चपखल बसतात त्यालाच ते जमतं. मी मनात म्हटलं, पोरी, तुझ्या तोंडात आम्हा लोकांना आयुष्यभर काही काम मिळायचं नाही. आणि मग वर्षभराने, ज्यांच्याकडे शिकत होतो त्या डॉक्टरांच्या बायकोने मला एका घरी चहाला नेलं, तर चहा घेऊन कोण आलं?” लेकीने पुढचं वाक्य त्याच्याबरोबर म्हटलं, तिला ते पाठ होतं. तिघांनी हसायचं एवढंच उरलं होतं. तेव्हा बायको म्हणाली, “मी नव्हते त्यात.”

“कशात?”

“ट्राममध्ये. ती मी नव्हते.”

“आई, काहीही काय!” लेक हसली. तोही हसला. “अगं, मग कोण होतं?” त्याने गमतीत घेत विचारलं. बायको ताटं उचलत होती. “ताई असेल,” ती म्हणाली, आणि आत गेली. नळाचा आवाज आला. लेकीने त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या, आईची थट्टा आजकाल कळत नाही अशा अर्थाने, आणि पिशवी उचलून निघाली. दार लागलं. तो टेबलाशी बसून राहिला. टेबलावर तिकिटं होती, त्यांच्यावर ट्रामचं चित्र होतं, आणि त्या चित्रातल्या खिडक्यांची संख्या चुकली आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण आत्ता ते कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तो उभा राहिला. “थट्टा करत होतीस ना?”

तिने ओले हात पुसले, त्याच्याकडे वळली आणि वरचा ओठ बोटाने उचलून त्याला दात दाखवले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ते वेडावणं झालं असतं. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दात. तो त्यानेच बनवला होता. लहानपणी जिन्यावरून पडून तिचा तो दात तिरपा तुटला होता, खालच्या दाताला तो कधी टेकतच नव्हता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने तिच्या तोंडाचा साचा घेतला होता, प्लास्टरमध्ये तो तुटका दात बोटाने चाचपला होता, आणि रंग हुबेहूब जुळेपर्यंत त्यावर बसवायची दाताची टोपी तीनदा मोडून पुन्हा केली होती. त्या तोंडाने दोरा तुटणं शक्य नव्हतं. चघळला गेला असता, ओला झाला असता, पण तुटला नसता. हे शहरात एका माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, आणि तो माणूस गोष्ट सांगत बसला होता.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय म्हणायचं होतं? की घर बरोबर गाठलंत, पण माणूस चुकलात?”

“आणि नंतर?”

“नंतर उशीर झाला होता.”

“मग आजच का?”

तिने टॉवेल खुंटीला अडकवला. मग म्हणाली, “नुसती गोष्ट होती तोवर ऐकत होते. आता तुम्ही मला खरंच नेऊन तिथे बसवणार. समोरच्या बाकावरून तुम्ही कुणाकडे बघणार होतात?”

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, पण त्याचं कशात लक्ष लागेना. पुढच्या खोलीत आताचे तरुण डॉक्टर, मागच्या खोलीत तो. मधल्या दाराला एक चौकोनी झडप, तिच्यातून साचे आत यायचे आणि दात बाहेर जायचे. इतक्या वर्षांत किती माणसांचं हसू त्या झडपेतून बाहेर गेलं असेल. त्याने मेण तापवलं आणि ते जास्त तापवलं. गुलाबी हिरडीत एकेक दात बसवताना नेहमी त्याला आपसूक एक लय सापडायची, ती आज सापडेना. ती लय, त्याला वाटायचं, ट्रामचीच होती. रुळांच्या सांध्यावरून चाक जाताना येणारा तो दुहेरी ठोका, मग लांबलेली गुरगुर, मग पुन्हा ठोका. ट्राम बंद झाल्या तेव्हा शहरातल्या लोकांना हायसं वाटलं होतं. रस्ता अडवते, कर्कश ओरडते, कुणाला नको होती ती. त्याला मात्र कित्येक महिने रस्त्यावर उभं राहिलं की कान बंद झाल्यासारखं व्हायचं. बसला रूळ नव्हते. बस कुठेही वळू शकत होती, आणि कुठेही वळू शकणाऱ्या गोष्टीवर त्याचा कधी विश्वास बसला नाही. ट्रामचं तसं नव्हतं. ट्राम जिथे जाणार तिथेच जायची; माणसाने फक्त बसायचं. लाकडी पट्ट्यांचे बाक, उन्हाने तापून त्यांना पॉलिशचा वास यायचा. वर धरायची चामड्याची कडी सगळी एकाच वेळी एका बाजूला झुलायची. ड्रायव्हर उभ्यानेच चालवायचा, पितळी दांडा पोटाशी धरून, आणि नदीच्या वळणावर वरच्या तारेतून निळी ठिणगी पडायची. तिच्यामागून एक वास यायचा, जळका नाही, स्वच्छ, जिभेवर धातूची चव ठेवणारा. हे सगळं त्याला जसंच्या तसं दिसत होतं. बाकाच्या पाठीवरचे स्क्रू दिसत होते. बटणाची चार भोकं दिसत होती. त्याने त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिथे बायको होती. वीस वर्षांची नव्हे, कालची. केस पिकलेली, ओले हात पुसणारी, तरण्या मुलीचा कोट घातलेली. त्याने मान झटकली. पुन्हा बघितलं. पुन्हा तीच. हातातला दात मेणात वाकडा बसला. झडप उघडून डॉक्टरांनी विचारलं, “काका, झालं का?” तो म्हणाला, “होतंय.” पण त्या दिवशी त्याने बसवलेले सगळे दात त्याला संध्याकाळी काढून टाकावे लागले.

तिचा चेहरा मुळात होता का, आणि त्याच्यावर बायकोचा चेहरा बसवला गेला, की तिथे कधी चेहराच नव्हता? हा प्रश्न एकदा आत शिरला तो दातात अडकलेल्या कणासारखा. जीभ सारखी तिथेच जायची. घरी बायको नेहमीसारखी होती. चहा वेळेवर, कपडे घडी केलेले, बोलणं कामापुरतं. चिडलेली नव्हती, आणि त्यामुळे त्याला जास्तच अस्वस्थ वाटत होतं. तो तिच्याकडे चोरून बघायचा. तिला ते कळायचं. एकदा ती म्हणाली, “काय शोधताय?” आणि तो उगीच म्हणाला, “चष्मा.” चष्मा डोळ्यांवरच होता.

मग हळूहळू ताईच्या आठवणी यायला लागल्या, एकेक, न बोलावता. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, नात्याने त्याची आकडसासू, पण हा शब्द त्याने उच्चारला की ती म्हणायची, “सासू म्हणा, आकड घरी ठेवून या.” टेलिफोनच्या कार्यालयात तिने जन्म काढला होता. लग्न केलं नव्हतं. एकाच शहरात राहून दोघी बहिणी वर्ष-वर्ष भेटत नसत, आणि तो लोकांना सांगायचा, बहिणी-बहिणींचं असतंच तसं, भांडण नाही, पण सूतही नाही. आता तो त्या सगळ्यावरून पुन्हा हात फिरवत होता. नवं घर घेतलं तेव्हा ताई आली होती. बायकोने तिला घरभर हिंडवलं, पण बस म्हटलं नाही. लेक झाली तेव्हा ताई दवाखान्यात फुलं घेऊन आली होती, आणि बायकोने डोळे मिटून घेतले होते. त्याला वाटलं दमली असेल. ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा बायकोने रोज डबा दिला, पण रोज लेकीच्या हातून. आणि काही वर्षांपूर्वी ताईचे उरलेसुरले दात काढायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली होती, “तिची कवळी तुम्ही नका करू. दुसरीकडे जाऊ दे.” त्याला वाटलं, घरच्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून म्हणते. त्याने मोठ्या प्रेमाने कवळी केली. बायको आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती, आणि त्याने ते सर्दी-तापावर घातलं होतं. म्हणजे ती सगळी वर्षं, तो एकेका पाहुण्यासमोर गोष्ट सांगायचा आणि ती शेजारी बसून हसायची तेव्हा, तिच्या डोळ्यांसमोर ट्राममध्ये ताई बसलेली होती. ताईने दोरा तोडला होता. ताईवरून त्याचा जीव ओवाळून टाकलेला होता, आणि घरी आला तेव्हा, अंधारात चुकीच्या हातात चिठ्ठी द्यावी तसा, तो हिच्या हातात पडला होता. असं धरून ती त्याच्याबरोबर जगली. त्याच्यासाठी अंथरूण घातलं, आजारपणं काढली. त्याच्या छातीत काहीतरी खालपासून वरपर्यंत ओढल्यासारखं झालं. आणि लगेच, त्याला स्वतःचीच लाज वाटावी असं, दुसरंही काहीतरी हललं. म्हणजे ताई होती तर? एवढीशी उत्सुकता. तिला दाबून टाकावं तितकी ती वर यायची.

शुक्रवारी दुपारी त्याने डॉक्टरांना काहीतरी कारण सांगितलं, कानशी आणि दात कुठे टेकतात ते बघायच्या निळ्या कागदाची डबी पिशवीत टाकली, आणि तो ताईकडे गेला. ती तिसऱ्या मजल्यावर एका लांबट खोलीत राहत होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीशी रेडिओ, भिंतीवर एकही फोटो नाही. त्याला बघून तिला नवल वाटलं. “अरे वा! सूर्य कुठून उगवला?”

“म्हटलं कवळी टोचते का बघावं. बरेच दिवस झाले.”

“टोचत होती तेव्हा दोन वर्षं कुणी विचारलं नाही. आता हिरडीच निबर झालीय. पण आलाच आहात तर बघा.” तिने पाठमोरी होऊन कवळी काढली, धुतली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. गाल एकदम आत गेले. तो खिडकीशी बसून कवळी उजेडात फिरवायला लागला. त्याने स्वतः केलेलं काम होतं, प्रत्येक दात त्याने निवडला होता. ज्या दातांनी दोरा तोडला असेल ते दात डॉक्टरांनी एकेक करून चिमट्याने काढले होते, तो मागच्या खोलीत असताना, आणि ते कुठल्या तरी बादलीत गेले होते. त्याला वाटलं आपण इथे यायला नको होतं. पण जीभ कणाकडे जायची ती गेलीच.

“ताई, एक विचारू? ट्राम होत्या तेव्हा तुम्ही नदीकाठच्या गाडीने जायचात?”

“जायचे की.” दातांशिवाय तिचे शब्द वाफेसारखे येत होते. “कधी त्या गाडीने, कधी दुसऱ्या. का?”

“कोटाचं बटण... दाताने दोरा तोडून कधी...”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, बोळकं तोंड हाताने झाकून. “तुमची ती गोष्ट होय? अहो, लेकीनेसुद्धा सांगितलीय मला ती. त्यात माझा काय संबंध?”

“ती म्हणते, तुम्ही होतात.”

“कोण म्हणते?”

“तुमची बहीण. म्हणजे असं ती पहिल्यापासून धरून चाललीय. आणि मला वाटतं, त्यामुळेच... तुमचं दोघींचं...” त्याला वाक्य पुरं करता आलं नाही.

ताईचं हसू थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, थांबतच नव्हतं. मग तिने हात पुढे केला. “द्या इकडे ती.” त्याने कवळी दिली. तिने ती तोंडात बसवली, जबडा एकदा आवळून पक्का केला आणि म्हणाली, “आता ऐका. तुम्ही चहा पिऊन गेलात त्या दिवशी ती आरशासमोर उभी होती. मला म्हणाली, ताई, ट्रामवाली मी नाही गं, माझ्या या दाताने दोरा तुटेल का? तिला हसूही येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, मग मीच असेन! घरात दोरे तोडणारी मीच, आई रोज ओरडायची. जा, मी दिला तुला तो, घेऊन टाक. असं म्हटलं मी. थट्टेत. आम्ही दोघी पलंगावर पडून हसलो. ती हसली होती हो!”

“थट्टेत?”

“मग काय खरं सांगत होते? मला काय माहीत कुठल्या दिवशी मी कुठल्या गाडीत बसून दोरा तोडला! तोडला असेल. शंभरदा तोडला असेल. नसेलही.” तिचा आवाज चढत चालला होता. “आणि त्यासाठी तिने मला उंबऱ्याबाहेर ठेवलं? मला काय वाटत आलं माहीत आहे? तुमची लेक झाली, मी तिला मांडीवर घेतलं, तर हिने दुपट्यासकट उचलून नेली. मी म्हटलं, मी बिनलग्नाची, माझी नजर बाळाला लागेल असं वाटतंय हिला. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाचं मूल कधी हातात घेतलं नाही. कुणाचंही नाही.”

तो खाली बघत राहिला. फरशीवर एक उन्हाचा तुकडा होता. खरं तर आता उठायला हवं होतं, पण त्याच्या तोंडून निघालंच, “पण ताई... ती तुम्ही होतात का?”

“होते म्हटलं तर काय करणार आहात? आणि नव्हते म्हटलं तर?” ती जरा निवली. “कशी होती दिसायला? नाक कसं होतं? उंच होती का?”

त्याने डोळे मिटले. “बाक लाकडी होते. ती डावीकडे, खिडकीशी. ऊन तिच्या बाजूने येत होतं. वळणावर कडी सगळी झुलली आणि ठिणगी...”

“मी मुलीचं विचारतेय, ट्रामचं नाही.”

त्याने डोळे उघडले. ताईने मान हलवली, रागाने नव्हे, मुलाला गणित न आल्यावर बाई हलवतात तशी. “म्हणजे तुम्ही ट्रामच्या प्रेमात पडलात,” ती म्हणाली, “आणि निस्तरत बसलो आम्ही दोघी.”

तो कठडा धरून जिना उतरला. तो बसमध्ये बसला नाही, चालत निघाला. नदीकाठच्या रस्त्यावर डांबर उकरून रूळ मोकळे केले होते, त्यांच्या दोन्ही बाजूंनी दगडांच्या नव्या पट्ट्या बसवल्या होत्या. एरवी तो वाकून, हात लावून बघत बसला असता. आज त्याने ते रूळ ओलांडले, आणि ओलांडताना उगीच त्याला भीती वाटली, काहीतरी येईल अशी. तो दिवस होता का खरा? होता. खिशातल्या रुमालातली कवळी होती. ती त्याने ज्या म्हाताऱ्याला दिली तो आरशात बघून रडला होता, हेही होतं. पहिल्यांदाच त्याच्या हातच्या दातांनी कुणीतरी हसलं होतं, त्याच दिवशी. परतताना त्याला वाटलं होतं की शहरातल्या सगळ्यांची तोंडं आपल्याला ओळखतात. मुलगी जाताना भेटली की येताना? त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की सांगण्याचे रूळ पडले होते, आणि त्यांच्यावरून जाताना बाजूला काय होतं ते त्याने कित्येक वर्षांत बघितलंच नव्हतं. कुणीतरी एक मुलगी होती. तिने दोरा तोडला होता आणि ती कुठल्या तरी थांब्यावर उतरून गेली होती. आता असेल तर तिचेही दात गेले असतील. कदाचित तिची कवळी त्यानेच केली असेल, झडपेतून साचा आला असेल, त्याला कळलंही नसेल. या विचाराने एरवी तो हळवा झाला असता. आत्ता त्याला फक्त दोन माणसं दिसत होती, पलंगावर पडून हसणाऱ्या दोन मुली, आणि त्या दोघींच्या मधून तो गोष्ट सांगत सांगत गेला होता, खडखडत, घंटा वाजवत.

घरी बायको इस्त्री करत होती. त्याने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, “मी ताईकडे गेलो होतो.”

तिचा हात थांबला नाही. “कवळीच्या निमित्ताने?”

“हो.”

“मग? भेटली का ट्रामवाली?”

“ती म्हणते, थट्टा केली होती. तुला बरं वाटावं म्हणून. तिलाही माहीत नाही कोण होतं ते. आणि मलाही...” तो अडखळला. “मलाही चेहरा आठवत नाही. कधीच आठवत नव्हता बहुतेक. तू चहा घेऊन आलीस, तुझा चेहरा आवडला, आणि मी तोच तिकडे नेऊन बसवला असेल.”

हे त्याने वाटेत ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आलं होतं, आणि आल्यावर त्याला ते खरं वाटलं. त्याला वाटलं ती आता खाली बसेल, रडेल, काहीतरी मोकळं होईल. ती इस्त्री उभी करून ठेवत म्हणाली, “थट्टा.” मग पुन्हा एकदा म्हणाली, “थट्टा,” जणू तो शब्द कुठल्या कापडाचा आहे ते बोटांनी बघत होती. “हे तिने मला सांगायचं, तर तुम्हाला सांगितलं.”

“मी विचारलं म्हणून.”

“रडली का?”

“नाही. चिडली. आधी कवळी घातली, मग चिडली.”

बायकोच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं, पण ते हसू झालं नाही. “आणखी काय म्हणाली?”

त्याने बाळाचं सांगितलं. मांडीचं, दुपट्याचं, नजर लागण्याचं. सांगताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. सांगून झाल्यावर बघितलं तर ती पाठमोरी होती, दोन्ही हात इस्त्रीच्या टेबलावर टेकलेले, आणि तिची पाठ हलत होती. तो पुढे झाला. “नको,” ती म्हणाली, “तुम्ही आत्ता हात लावू नका.” तो जिथे होता तिथेच उभा राहिला. असं घरात उभं राहायची त्याला कधी सवयच नव्हती, काही न करता, काही न सांगता. शेवटी तिनेच डोळे पुसले आणि राहिलेला सदरा पुरा केला. शनिवारी ती दिवसभर बोलली नाही. दुपारी आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं आणि कुणाला तरी फोन केला. त्याला शब्द ऐकू आले नाहीत, फक्त तिचा आवाज येत होता, आणि मधे-मधे लांबच लांब गप्प बसणं. त्या गप्प बसण्यात तो बाहेर येरझाऱ्या घालत होता.

रविवारी सकाळी ती तयार झाली. तिकिटं टेबलावरून उचलून तिने पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, “चला.” इतकंच. त्याचा जीव भांड्यात पडला. वाटेत तो बोलत सुटला, आपण उजवीकडे बसू, नदी त्या बाजूला असते, वळणावर जपून, घट्ट धर. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. थांब्यावर गर्दी होती. माणसं फोन वर धरून उभी होती, मुलं खांद्यांवर. ट्राम आली होती. त्याच्या आठवणीत होती त्याहून ती लहान होती, फारच लहान, आणि फार चकचकीत रंगवलेली. तिच्याभोवती जुन्या पद्धतीची टोपी घातलेला एक तरुण कंडक्टर मिरवत होता. मग घंटा वाजली. तो पायरीकडे सरकला. बायको सरकली नाही. ती मान वर करून कुणाला तरी शोधत होती, आणि मग त्याला दिसलं, रस्त्याच्या पलीकडून ताई येत होती, काठी टेकत, चांगली साडी नेसून, तोंड घट्ट मिटून.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कुणीच कुणाला जवळ घेतलं नाही. “उशीर झाला,” ताई म्हणाली. “बस मिळेना.” “नाही, आत्ताच आली ही,” बायको म्हणाली. मग तिने त्याच्याकडे वळून, अगदी हळू, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, सांगितलं, “तिकिटं दोनच आहेत. तुम्ही राहा.”

तो बाजूला झाला. कंडक्टरने ताईला हात देऊन वर घेतलं, मागून बायको चढली, आणि दोघी खिडकीशी बसल्या, पण समोरासमोर नाही, एकाच बाकावर. त्यालाही ट्राममध्ये बसायचं होतं, इतक्या वर्षांचं वेड होतं ते, आणि आता ती त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याशिवाय निघाली होती. ठोका पडला. चाकं फिरली. ट्राम सावकाश चालत होती, म्हणून तोही फुटपाथवरून तिच्या बाजूने चालू लागला. काचेतून त्याला दिसत होतं. ताई सरळ समोर बघत होती. बायको तिच्याकडे तोंड करून काहीतरी सांगत होती, हात हलवत, मग हात मांडीवर ठेवून, मग पुन्हा हलवत. त्याच्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. ताई समोरच बघत राहिली. वळण आलं, वरच्या तारेतून ठिणगी पडली, लोक ओरडले, आणि ती बघायची त्याची राहून गेली. ताईने तेवढ्यात मान वळवली होती, आणि काहीतरी बोलली होती, छोटंसं, आणि बायकोचा चेहरा एकदम कोसळला होता. रागाने की रडण्याने, ते त्याला कळायच्या आत ट्राम नदीकडे वळली. रूळ रस्ता सोडून झाडांमागे गेले होते. पुढे फुटपाथ नव्हता.

तो परत थांब्यावर आला आणि बाकाच्या टोकावर बसला. शेजारचा एक माणूस त्याला सांगायला लागला, आमच्या लहानपणी या गाड्या कशा होत्या, आम्ही कसे लटकायचो, एकदा काय झालं. एरवी त्याने त्या माणसाला दोन वाक्यांत गप्प केलं असतं. तो नुसता हं-हं करत राहिला. काय बोलत असतील? त्या कोसळलेल्या चेहऱ्याचं पुढे काय झालं असेल? मधेच उतरल्या तर? ताईला पायरी उतरता येईल का एकटीला? त्याला वाटलं उठून नदीपर्यंत चालत जावं. मग वाटलं, कशाला. कित्येकदा उठला आणि बसला. अखेर झाडांमागून घंटा ऐकू आली, आणि ट्राम परत येऊन समोर उभी राहिली. माणसं उतरू लागली. तो खिडकीखाली जाऊन थांबला. सगळे उतरले. दोघी उतरल्या नाहीत. दोघींचे डोळे लाल होते. ताईने कवळी काढून रुमालात धरली होती आणि तशीच बोलत होती, आणि बायको कान जवळ नेऊन ते बोळकं बोलणं ऐकत होती. कंडक्टर त्यांच्याशेजारी जाऊन काहीतरी म्हणाला. बायकोने काच खाली सरकवली.

“अहो,” ती म्हणाली, “आणखी दोन काढा.”

तो धावला. रांग बरीच मोठी होती. तो माणसांना सरकवत, माफ करा म्हणत, तिकिटांच्या खिडकीशी पोचला. आतल्या मुलीने दोन तिकिटं फाडली आणि विचारलं, “आजोबा, तुम्ही?” “मी नाही,” तो म्हणाला. घंटा वाजायला लागली होती. त्याने धावत येऊन हात उंच केला, टाचा उचलल्या, आणि तिकिटं काचेतून आत सरकवली. बायकोने न बघताच ती घेतली. ती काहीतरी सांगत होती आणि वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.